झिंकचे बँड झोनच्या वरच्या अख्ख्या पृष्ठावर जोडीनेच चिकटलेत, हे नॉर्मल आहे का?

झिंक_सातारा

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात एमएस्सी फिजिक्सला आहे, शेवटचं वर्ष. सरांनी प्रोजेक्टला विषय दिलाय टोपोलॉजिकल पदार्थांतले नोडल सरफेस, आणि म्हणाले आधी हात बसू दे, एखादा साधा धातू घे आणि क्वांटम एस्प्रेसो या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे बँड (वेव्ह व्हेक्टर के बदलला की इलेक्ट्रॉनची ऊर्जा कशी बदलते ते) काढ. मी झिंक घेतलं कारण एकतर सेलमध्ये दोनच अणू, आपल्या जुन्या लॅपटॉपवर पण निघतं, आणि दुसरं म्हणजे लॅटिसचे आकडे पाठच आहेत, ए २.६६५ आणि सी ४.९४७ अँगस्ट्रॉम.

तर झोनमधल्या (के च्या जागेतल्या सेलमधल्या) गॅमा, एम, के वगैरे ठरलेल्या बिंदूंवरून जाताना बँड नेहमीसारखे दिसतात, वेगवेगळे, मधेच कुठेतरी एकमेकांना छेदतात. पण झोनच्या वरच्या पृष्ठावरच्या ए-एल-एच-ए या पट्ट्यात गेलं की प्रत्येक बँड जोडीनेच चालतो. म्हणजे एका बिंदूवर नाही, पूर्ण रस्ताभर दोन दोन बँड एकावर एक. मला वाटलं पाथ चुकला म्हणून त्याच उंचीवरचे अधलेमधले कुठलेही बिंदू देऊन बघितले, तिथे पण तेच. आता नोडल सरफेसची व्याख्या तर हीच आहे ना, की दोन बँड एका अख्ख्या पृष्ठावर समान ऊर्जेचे. मग झिंक काय टोपोलॉजिकल निघालं का? पत्र्यावर लावतात ते झिंक?? आणि पुस्तकात तर लिहिलंय की दोन लेव्हल एकत्र यायला तीन अटी एकाच वेळी जुळाव्या लागतात, मग पूर्ण पृष्ठावर त्या कशा काय जुळतात, एवढा योगायोग असतो का. कुणी नीट समजावून सांगाल का, वर्गात विचारलं की सगळे हसतात.

कराडकडचा

के-पॉइंट किती घेतलेत? कन्व्हर्जन्स बघितलं का, म्हणजे आकडे स्थिर झालेत का. कटऑफ वाढवून परत लाव, स्मिअरिंगमुळे पण कधी कधी गंमत होते.

झिंक_सातारा

वाढवून बघितलं दादा. आकडे थोडे वर-खाली सरकतात पण जोडीतले दोघे बरोबरच सरकतात, आउटपुट फाईलमध्ये शेवटच्या दशांशापर्यंत सेम.

विश्रामबाग_सांगली

अरे मग तिथेच उत्तर आहे की. कटऑफ बदलला तरी जोडी सुटत नाही म्हणजे तो आकड्यांचा खेळ नव्हे, सिमेट्रीने बांधलेलं आहे. योगायोगाने जवळ आलेले बँड असते तर जरा ढकललं की फट पडली असती किंवा छेद दुसरीकडे सरकला असता. तुझं कॅल्क्युलेशन एकदम बरोबर आहे, आणि हे काही आजचं नाही, हर्रिंगने १९४२ मध्ये हेक्सागोनल क्लोज पॅकची कॅरेक्टर टेबल छापली तेव्हापासून माहीत आहे की या रचनेत झोनच्या वरच्या षटकोनी पृष्ठावर बँड चिकटतात. मॅग्नेशियम, झिंक, बेरिलियम, टायटॅनियम, सगळ्यांना लागू. नोडल सरफेस हे नाव नंतर आलं, वस्तू जुनीच.

आता का ते. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

तुझ्या स्पेस ग्रुपमध्ये, म्हणजे क्रिस्टलच्या सिमेट्रींच्या यादीत, सी अक्षावर स्क्रू आहे. त्यातला आपल्या कामाचा भाग एवढाच, की १८० अंश फिरवा आणि अर्धा सेल वर सरकवा, क्रिस्टल जसाच्या तसा. आपल्याकडे ऊस बघितलाच असशील, पेरावरचा डोळा एकदा या बाजूला, पुढच्या पेराला समोरच्या बाजूला, परत या बाजूला. अर्धा फेरा घेऊन एक पेर वर गेलं की ऊस तसाच दिसतो, पण नुसतं एक पेर वर सरकलं तर डोळा उलट्या बाजूला, म्हणून खरी पुनरावृत्ती दोन पेरांची. दोन डोळ्यांची टिपरी हा तुझा युनिट सेल. झिंकमध्ये पण सेलमध्ये दोन थर आहेत ते असेच, आणि फिरवणं विसरून नुसतं अर्धा सेल सरकवलं तर जमत नाही.

आता हीच क्रिया दोनदा कर. फिरणं ३६० अंश झालं म्हणजे काहीच नाही झालं (स्पिन सध्या बाजूला ठेव), आणि सरकणं एक पूर्ण सेल. ब्लॉख स्टेटला (क्रिस्टलमधल्या इलेक्ट्रॉनच्या वेव्हला) एक सेल सरकवलं की केझेडवर, म्हणजे के च्या सी दिशेच्या भागावर, अवलंबून असा फेज लागतो. केझेड शून्य असेल तर तो +१, आणि केझेड पाय भागिले सी असेल, म्हणजे बरोबर तुझ्या ए-एल-एच च्या पृष्ठावर, तर तो −१. बस, सगळी भानगड या वजा चिन्हात आहे.

त्याच्या जोडीला टाइम रिव्हर्सल, म्हणजे काळ उलटा चालवणं, घे. स्क्रूने केएक्स, केवाय उलटे होतात, केझेड तसाच राहतो. टाइम रिव्हर्सलने तिन्ही उलटतात. दोन्ही एकत्र केले की केएक्स, केवाय मूळ जागी आणि फक्त केझेड उलटा. वरच्या पृष्ठावर वजा पाय आणि अधिक पाय हे एकच, म्हणजे त्या पृष्ठावरचा प्रत्येक बिंदू, अगदी प्रत्येक, या क्रियेने आपल्याच जागी राहतो. क्रिया अँटीयुनिटरी (कॉम्प्लेक्स कॉन्जुगेट करणारी) आहे, तिचा वर्ग −१ आहे, आणि बिंदू हलवत नाही. हे कुठे बघितलंय आपण? क्रॅमर्स, १९३०. तिथे अर्ध्या स्पिनमुळे टाइम रिव्हर्सलचा वर्ग −१ येतो म्हणून लेव्हल जोडीने येतात. इथे स्पिन नाहीच तरी अर्ध्या सेलच्या सरकण्याने तेच काम केलं. गणित दोन ओळींचं आहे, साय ही स्टेट आणि थीटा-साय (थीटा म्हणजे हीच क्रिया) यांचा इनर प्रॉडक्ट काढ, तो स्वतःच्याच वजा इतका येतो, म्हणून शून्य, म्हणून दोन्ही वेगळ्या स्टेट्स आणि ऊर्जा सारखी. करून बघ, वहीत करायची गोष्ट आहे ही, नुसती वाचून डोक्यात बसत नाही.

तीन अटींचं म्हणशील तर ते फॉन नॉयमान आणि विग्नर यांचं १९२९ चं, आणि ते चुकीचं नाही, फक्त ते जिथे कुणाची सक्ती नाही तिथलं आहे. दोन बँडांचा हॅमिल्टोनियन (ऊर्जेचं मॅट्रिक्स) तीन पाउली मॅट्रिक्सने लिहिला की तिन्हींचे सहगुणक एकदम शून्य व्हायला हवेत. अटी तीन, के च्या दिशा तीन, म्हणून साधारणपणे सुटे बिंदूच मिळतात, ते वाइल पॉइंट. स्पिन-ऑर्बिट (स्पिनचं इलेक्ट्रॉनच्या गतीशी जोडलेलं असणं) नसेल आणि इन्व्हर्जन (सगळ्या दिशा उलट करणं) गुणिले टाइम रिव्हर्सल असेल तर हॅमिल्टोनियन रिअल करता येतो, एक अट गळते, दोन उरतात, बिंदूऐवजी रेषा मिळते, ती नोडल लाइन. त्यावर अजून सबलॅटिस सिमेट्री असली तर एकच अट उरते आणि पृष्ठ मिळतं. हा नोडल सरफेसचा एक प्रकार, यात पृष्ठ कुठे असेल, कसं वाकडंतिकडं असेल ते पदार्थावर, आणि बँड उलटेपालटे झाले नसतील तर पृष्ठ नसेलही. तुझा दुसरा प्रकार, जिथे त्या पृष्ठावर अटच उरत नाही. पृष्ठ झोनच्या सीमेवर सपाट, हलणार नाही, आणि पदार्थ कुठलाही असो प्रत्येक बँडला लागू. दोन्हींना पेपरमध्ये एकच नाव असतं म्हणून पोरांचा घोळ होतो.

झिंक_सातारा

सर लय भारी!! पहिल्यांदा कळलं. उसाचं तर डोक्यातून जाणारच नाही आता. पण एक शंका. तुम्ही म्हणालात स्पिन बाजूला ठेव. स्पिन घेतला तर टाइम रिव्हर्सलचा वर्गच −१ होतो, मग वजा वजा मिळून +१ होईल आणि जोडी सुटेल असं ना?

विश्रामबाग_सांगली

शंका चांगली आहे, पण एक वजा मोजायचा राहिला. स्पिन घेतला की ३६० अंश फिरणं म्हणजे काहीच नाही झालं असं राहत नाही, त्याचा पण −१ लागतो. टाइम रिव्हर्सलचा एक, फिरण्याचा एक, ते दोघे एकमेकांना मारतात आणि सरकण्याचा तेवढा शिल्लक राहतो. म्हणजे वरच्या पृष्ठावर वर्ग −१ च.

सर म्हणू नको, मी कुठल्या कॉलेजात शिकवत नाही.

मिरज_जंक्शन

वरचं सगळं मान्य पण झिंकच्या बाबतीत इथे पोरगं फसेल म्हणून लिहितो. वर्ग −१ राहिला म्हणजे जोडी राहील एवढीच हमी. पण झिंकला इन्व्हर्जन आहे. इन्व्हर्जन आणि टाइम रिव्हर्सल दोन्ही असले की स्पिन-ऑर्बिट धरल्यावर प्रत्येक बँड झोनमध्ये सगळीकडेच दुहेरी असतो, ती जोडी फुकटची. स्पिन मोजला तर तुझ्या त्या पृष्ठावर खरं चार स्टेट एकत्र होते, आणि हमी दोघांचीच आहे, ती फुकटच्या जोडीतच भागली. म्हणून स्पिन-ऑर्बिट लावलं की चाराचे दोन दोन होतात आणि नोडल सरफेस म्हणून जे होतं ते फाटतं. कोहेन आणि फालिकोव्ह यांनी १९६० मध्ये नेमकं हेच दाखवलं, की हेक्सागोनल क्लोज पॅक धातूंत स्पिन-ऑर्बिटमुळे षटकोनी पृष्ठावरची डीजनरसी (ऊर्जा समान असणं) जाते, फक्त ए-एल या रेषांवर राहते. मॅग्नेशियममध्ये फट इतकी बारीक की जोरदार चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन ती उडी मारून ओलांडतात, मॅग्नेटिक ब्रेकडाउन म्हणतात त्याला.

स्पिन-ऑर्बिटसकट खरा टिकणारा नोडल सरफेस पाहिजे असेल तर इन्व्हर्जन नसलेला क्रिस्टल घे, ज्यात स्क्रू आहे. तिथे फुकटची जोडी नसते, बाकी झोनमध्ये बँड सुटे सुटे, आणि फक्त त्या पृष्ठावर जोडले जातात. कोबाल्ट सिलिसाइड बघ, १९८ नंबरचा स्पेस ग्रुप, तिन्ही दिशांना स्क्रू, म्हणून क्युबिक झोनच्या सगळ्या बाजू नोडल. अख्खी पेटीच.

आणि झिंक टोपोलॉजिकल का, तर माझं स्पष्ट मत, नाही. सिमेट्रीने बँड चिकटले म्हणजे लगेच टोपोलॉजी झाली असं नाही. आजकाल कुठलेही दोन बँड भेटले की पेपरच्या नावात टोपोलॉजिकल घालतात, वैताग येतो. चिकटलेल्या पृष्ठावर चार्ज (विजेचा नव्हे, टोपोलॉजिकल) आहे का ते बघायचं, म्हणजे पृष्ठाच्या दोन्ही बाजूंना लागून समांतर पातळ्या घेऊन त्यांतून बेरी फ्लक्स (के च्या जागेतलं चुंबकीय क्षेत्रासारखं काहीतरी, बेरी कर्व्हेचर, त्याचा फ्लक्स) किती बाहेर पडतो ते. झिंकमध्ये स्पिन-ऑर्बिट सोडलं तर इन्व्हर्जन आणि टाइम रिव्हर्सल मिळून बेरी कर्व्हेचर सगळीकडे शून्यच करतात, मग चार्ज कुठला. फक्त बांधलेली जोडी आहे ती, त्याहून काही नाही.

विश्रामबाग_सांगली

बरोबर, इन्व्हर्जनचं मी लिहायला हवं होतं. पण वैतागाशी सहमत नाही. नाव जास्त वापरतात हे खरं, पण या चार्जवाल्या पृष्ठांनी एक जुनी समजूत खरंच हलवलीय. नील्सन आणि निनोमिया यांचं १९८१ चं प्रमेय, की लॅटिसमध्ये वाइलचे चार्ज मिळून शून्यच व्हायला हवेत. त्याचा अर्थ सगळे असा घ्यायचे की वाइल पॉइंट जोडीनेच येणार, एक + असला की कुठेतरी एक − बिंदू. प्रमेय फक्त बेरीज शून्य म्हणतं, उलटा चार्ज बिंदूवरच असावा असं कुठे म्हणतं? तो झोनच्या भिंतीवर पसरलेला असू शकतो. प्लॅटिनम-गॅलियममध्ये २०२१ मध्ये नेमकं ते मोजून दाखवलं, मधोमध एकटा वाइल पॉइंट आणि भोवती चार्ज असलेल्या नोडल भिंती. एकटा वाइल पॉइंट! मग दोन वाइल पॉइंटना जोडणारा जो फर्मी आर्क पृष्ठभागावर दिसतो तो या बिंदूसाठी असण्याची सक्तीच राहत नाही. हे नुसतं नाव बदलून जुनी वस्तू विकणं नव्हे.

मिरज_जंक्शन

तिथे माझी हरकत नाहीच. तिथे चार्ज आहे. माझी हरकत झिंकला तोच बिल्ला लावायला.

कृष्णाकाठ_७०

मी प्रयोगवाला माणूस, आता रिटायर. हे सगळं कागदावर झकास, पण पृष्ठ दिसतं कसं हे पण पोरांना कळू द्या. नेहमीचा मार्ग एआरपीईएस, प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन उडवायचे आणि कोन व ऊर्जा मोजायची. त्यात क्रिस्टलच्या पृष्ठभागाला समांतर के छान मिळतो, पण केझेड थेट मिळत नाही, फोटॉनची ऊर्जा बदलत बदलत काढावा लागतो, आणि इलेक्ट्रॉन वरच्या थोड्याच थरांतून बाहेर येतात म्हणून केझेड पसरट होतो. आणि नोडल सरफेसची सगळी मजा तर केझेडमध्ये आहे! पृष्ठाच्या वर-खाली गेलं की बँड फाकतात, ते फाकणं पसरट केझेडमध्ये पुसट होतं. म्हणून त्याला ऊर्जा बदलता येणारा चांगला सिंक्रोट्रॉन (जोरदार प्रकाश देणारं मोठं यंत्र) लागतो. झिर्कोनियम-सिलिकॉन-सल्फरमध्ये २०१९ ला नोडल सरफेस असाच एआरपीईएसने दाखवला. आपल्याकडे इंदूरला इंडस-२ आहे, २.५ जीईव्हीचा, पोरांनी निदान बघून तरी यावं.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, क्वांटम ऑसिलेशन. क्रिस्टल थंड करायचा, चुंबकीय क्षेत्र वाढवत न्यायचं, मॅग्नेटायझेशन किंवा रेझिस्टन्स झुलतो, आणि त्या झुलण्याच्या फ्रिक्वेन्सीवरून फर्मी सरफेसचे (के च्या जागेतल्या भरलेल्या आणि रिकाम्या स्टेट्सच्या सीमेचे) छेद किती मोठे ते कळतं. दोन फर्मी सरफेस नोडल भिंतीवर चिकटलेले असतील तर इलेक्ट्रॉनची कक्षा भिंतीपाशी एका पाकिटातून (फर्मी सरफेसच्या एका तुकड्यातून) दुसऱ्यात जाते, आणि फ्रिक्वेन्सी सुट्या पाकिटांच्या हिशोबाने येत नाहीत. मँगनीज सिलिसाइडवर हे २०२१ मध्ये झालं, डी हास-फान आल्फेन ऑसिलेशनने. तो साधारण २९ केल्विनच्या खाली मॅग्नेटिक होतो, म्हणजे टाइम रिव्हर्सल एकट्याने शिल्लक नाही.

झिंक_सातारा

पण काका टाइम रिव्हर्सल मोडलं तर वरची सगळी क्रॅमर्सवाली गोष्टच मोडली ना?

कृष्णाकाठ_७०

एकटं मोडलं, जोडीतलं नाही मोडलं. मॅग्नेटायझेशन स्क्रूच्या अक्षाला आडवं असेल तर १८० अंश फिरवल्यावर ते उलटं होतं, टाइम रिव्हर्सलने परत सुलटं. दोघे मिळून क्रिया जिवंत. म्हणजे मॅग्नेटायझेशन वाय दिशेला असलं तर एक्स आणि झेड अक्षांच्या भिंती राहतात, वायची जाते. क्षेत्राची दिशा फिरवायची की भिंती हव्या तशा ठेवता येतात, काढता येतात. धातूचा तुकडा तोच, क्षेत्र फिरवणाऱ्याच्या हातात स्विच. प्रयोगवाल्याला यापेक्षा काय पाहिजे.

भडंग_प्रेमी

माझं इंजिनियरिंगचं डोकं, इलेक्ट्रॉन-बिलेक्ट्रॉन कळत नाही, पण वरचं वाचून एक विचारतो. विश्रामबागवाल्यांनी आधी स्पिन न घेता सगळं सिद्ध केलं. मग ज्याला स्पिनच नाही त्याला हे फिट बसेल की नाही? उदाहरणार्थ आवाज?

मिरज_जंक्शन

बसतं, आणि केलंय लोकांनी. थ्रीडी प्रिंटरवर पोकळ्या आणि नळ्यांची स्क्रू असलेली रचना छापायची, त्यात आवाज सोडायचा आणि आतला दाब छोट्या माइकने जागोजागी मोजायचा. २०१९ मध्ये अशा ध्वनी-क्रिस्टलमध्ये नोडल सरफेस दाखवला. स्पिन-ऑर्बिटची कटकटच नाही, म्हणून फाटत पण नाही, आणि केझेड पसरट होण्याचं दुखणं पण नाही, कारण माइक आत घालता येतो. मिरजेत राहून आवाजाचा विषय कुणी काढला की बरं वाटतं. तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीत जाऊन हे सांगून बघितलं पाहिजे एकदा, हाकलून देतील.

कराडकडचा

खरंच, माइक आणि साउंड कार्ड एवढ्यावर बीईची पोरं पण करतील हे. प्रिंटर आता सगळीकडे आहेत.

झिंक_सातारा

आज स्पिन-ऑर्बिट लावून रन केला. नॉनकॉलिन आणि एलस्पिनऑर्ब हे त्याचे दोन्ही पर्याय ट्रू केले. पण काहीच फरक नाही, ए-एच वर पण सगळं तसंच चिकटलेलं, मिरजवाले दादा म्हणाले तसं फाटलं नाही.

विश्रामबाग_सांगली

स्यूडोपोटेन्शियल (अणूच्या गाभ्याच्या जागी वापरतात ती फाईल) कुठला? जुनाच स्केलर रिलेटिव्हिस्टिक वापरला असशील तर एलस्पिनऑर्ब लावून उपयोग नाही, त्या फाईलमध्ये स्पिन-ऑर्बिटची माहितीच नसते. फुल्ली रिलेटिव्हिस्टिक वाला उतरवून घे. आणि झिंक हलकं आहे, अणुक्रमांक ३०, फट बारीक येणार, पूर्ण प्लॉटमध्ये दिसणार नाही. आउटपुटचे आकडे बघ किंवा अक्ष झूम कर.

झिंक_सातारा

हो तसंच होतं, नवीन स्यूडो घातला आणि आता ए पासून एच कडे जाताना चाराचे दोन दोन झालेत, एल-एच वर पण. ए-एल वर मात्र चारही एकत्रच, जराही हलले नाहीत!! १९६० चा पेपर माझ्या लॅपटॉपवर निघाला राव. सरांना दाखवतो उद्या. आता कोबाल्ट सिलिसाइड लावू का?

मिरज_जंक्शन

लाव, पण त्यात आठ अणू आहेत, स्पिन-ऑर्बिटसकट लॅपटॉप रात्रभर फणफणेल, फॅन साफ करून घे. त्याआधी कॅडमियम कर. रचना झिंकचीच, अणुक्रमांक ४८, फट चांगली मोठी दिसेल, आणि दोन्ही प्लॉट शेजारी शेजारी लावले की प्रोजेक्टचं एक प्रकरण झालं. कोबाल्ट सिलिसाइडला गेलास की बँडचे इररेप (सिमेट्रीची लेबलं) बिल्बाओ सर्व्हर या क्रिस्टल सिमेट्रीच्या वेबसाइटवरून घे, हाताने काढत बसू नको. आणि तिथे बँड काढताना झोनच्या आतली एखादी आडवीतिडवी रेषा पण घे, भिंतीला भिडेपर्यंत. नुसत्या ठरलेल्या पाथवर सगळे बिंदू सिमेट्रीचेच असतात, त्यामुळे कुठली जोडी भिंतीमुळे आणि कुठली त्या बिंदूच्या इतर सिमेट्रीमुळे ते वेगळं कळत नाही.